चढावरचा हात

सायकलला मोटर बसवायला घटस्थापनेची सकाळ निवडली, तिथेच पहिली चूक झाली. मुहूर्त उत्तम होता, पण नवरात्रात श्रीरंग खांबेटे कुठल्याच वाहनावर बसत नसत. अनवाणी, पायी. वडिलांपासून चालत आलेला नेम. म्हणजे मोटर बसणार आणि मालक शेजारून चालणार.

"दसऱ्याला बसवू या की," त्यांची बायको नयना म्हणाली.

"अगो, वस्तू घरात आली आणि खोक्यात कोंडून ठेवायची? देवीला बरं वाटेल का ते?"

देवीचं नाव निघालं की पुढे बोलायचं नसतं, हे नयनाला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

कासारघोळ हे गाव उतरणीवर वसलेलं. गणपतीचं देऊळ वर माथ्यावर, खांबेट्यांचं घर खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी, आणि मधे पिंपळाचा चढ. श्रीरंग कीर्तनाला तबला वाजवायचे, नयना पेटी. गावात गाड्या कमी नव्हत्या. पेट्रोल पंप बंद पडून कित्येक वर्षं झाली होती आणि विजेच्या रिक्षा अंगणापर्यंत यायच्या. पण श्रीरंग तबला-डग्गा कॅरिअरला बांधून आपल्या काळ्या सायकलवरूनच जायचे. त्यांच्या मते पायडल मारणं म्हणजे धुमाळीचा चालता ठेका. डावा, उजवा, डावा, उजवा, देवळापर्यंत पोचेस्तोवर हात आपोआप लागलेले असतात. गेल्या पावसाळ्यापासून मात्र चढावर उतरून सायकल ढकलावी लागत होती. सोबतच्या रिक्षातून पेटी मांडीवर घेऊन जाताना नयनाला ते बघवेना, म्हणून हा खटाटोप.

किट बसवायला तालुक्याहून नाझनीन मुकादम आली होती. इंजिनिअर झालेली, सायकलींचं दुकान काढून बसलेली. तिनं मागचं चाक काढून मोटरचं चाक घातलं, दांडीला बॅटरी आवळली, आणि दोन पायडलांना जोडणारा जुना आस ठोकून काढून नवा बसवला.

"खरं डोकं ह्याच्यात आहे, काका," ती म्हणाली. "पूर्वीची किटं आंधळी होती. पायडल फिरलं की ढकल, एवढंच त्यांना कळायचं. हिसका बसायचा. तुम्ही जोर लावलात की हा आस किंचित पिळला जातो. डोळ्याला दिसणार नाही इतका. तो पीळ हे सेकंदाला शेकडो वेळा मोजतं, डाव्या पायाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. मग पुढच्या फेरीत कुठे कमी पडणार ते आधीच ओळखतं आणि तेवढीच भर घालतं. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"म्हणजे साथीदार झाला की हा," श्रीरंग म्हणाले. "गवयाचा दम कुठे संपणार ते आधी ओळखून ठेका धरणारा."

"नावच 'सोबती' आहे त्याचं. पण एक करा, काकू. पहिले पंधरा दिवस फक्त काकांनी चालवायची. तेवढ्या दिवसांत ते काकांचे पाय शिकणार आहे. दुसऱ्या कुणी पाय लावायचा नाही."

नयनानं मान हलवली. पण नवी वस्तू दारात आली आणि गावानं तिला हात लावला नाही, असं कासारघोळात होत नाही. प्रसादाला जसं नको म्हणू नये, तसं ते. त्याच दुपारी दाजी गुरव "बघू तरी" म्हणून एक फेरी मारून आले. मग पोस्टातल्या बाई. मग शेजारचे दोघे. नवरात्राचं कीर्तन करायला आलेल्या चिन्मयीताईसुद्धा नऊवारीचा ओचा खोचून पिंपळापर्यंत जाऊन आल्या आणि उतरताना म्हणाल्या, "काका, ही देवापेक्षा लवकर पावते." चिन्मयीताई वयानं खांबेट्यांच्या मुलीसारख्या, पण एकदा नारदाच्या गादीवर उभा राहिला की माणूस थोर, म्हणून सगळ्यांच्या ताई. खुद्द नयनानं देवीची फुलं आणायला रोज तीच सायकल काढली. श्रीरंग अनवाणी बाजूला उभे राहून सगळ्यांना ब्रेक कसा दाबायचा ते सांगत होते.

दसऱ्याला त्यांनी सायकलला झेंडूची माळ घातली, बॅटरीला हळदकुंकू लावलं आणि स्वार झाले. पिंपळाचा चढ न उतरता, न उठता, सरळ बसून चढले. माथ्यावर पोचून त्यांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते नयनानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"मोटरनं काही केलं नाही," ते म्हणाले. "अगो, पायातच होतं ते. नुसतं निजलं होतं."

त्या हिवाळ्यात ते आसपासच्या वाड्यांतल्या कीर्तनांनाही होकार देत सुटले. दाजी गुरवांच्या नातीला तबला शिकवायचं त्यांनी कबूल केलं होतं, ते पुढे ढकललं. "अजून मीच आहे की. शिकवीन सावकाश."

श्रीरंगांकडे फोन नव्हता. कीर्तनात फोन वाजला म्हणून एकदा अपमान झाला होता, तेव्हापासून त्यांनी ती ब्याद ठेवलीच नव्हती. त्यामुळे सायकलची सगळी माहिती नयनाच्या फोनवर यायची. बॅटरी किती, चाकात हवा किती. पौषातल्या एका सकाळी ती तांदूळ निवडत असताना फोन वाजला आणि त्यावर वेगळंच काही आलं.

'डाव्या पायाच्या चालीत सतत मंदपणा आढळत आहे. मज्जासंस्थेच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.'

तिनं ते दोनदा वाचलं आणि श्रीरंगांना वाचून दाखवलं. ते तबल्याची वादी ओढत होते. खो खो हसले.

"कुणाचा डावा पाय? दाजीचा का पोस्टातल्या बाईंचा? त्या बिचाऱ्या यंत्रानं सगळ्या गावाचे पाय पाठ केलेत. आता माझा वेगळा लागतोय म्हणून रडतंय."

नयनाला ते पटलं. पटावंसं वाटलं, म्हणून जास्तच पटलं. नाझनीननं सांगितलेलं तिनं ऐकलं नव्हतं, चूक आपलीच होती, आणि त्या क्षणी ती चूक तिला देवानं दिलेल्या वरासारखी वाटली. दोघं तालुक्याला गेली. नाझनीननं कपाळाला हात लावला, "काकू, मी काय सांगितलं होतं," म्हणाली आणि जुनं शिकलेलं सगळं पुसून टाकलं. पुन्हा पंधरा दिवस. ह्या वेळी फक्त काका.

श्रीरंगांनी कुणाला सायकलला बोट लावू दिलं नाही. पंधरा दिवस सरले. फोन गप्प. महिना सरला, तरी गप्प. त्यांनी गणपतीला पेढे ठेवले आणि गावभर सांगत सुटले की यंत्राला अक्कल यायला वेळ लागतो, पण येते.

तिसऱ्या दिवशी नाझनीनचा फोन आला. आवाज असा, की नयना फोन घेऊन मागच्या पडवीत गेली.

"काका जवळ आहेत?"

"देवळात गेलेत. बोल."

"काकू, मी आधी बोलायला हवं होतं. तुम्ही दोघं इतकी हसत होतात. ते यंत्र गप्प झालंय ना, त्यावर जाऊ नका."

"का? आता बरोबर शिकलंय की."

"तेच सांगते. ते माणसाची तुलना शिकलेल्या चालीशी करतं. पहिल्यांदा ते गावातल्या चार धडधाकट पायांची चाल शिकलं, म्हणून काकांचा डावा पाय त्याला मागे पडलेला दिसला. आता ते काकांचीच आजची चाल शिकलंय. आज जो मागे पडणारा पाय आहे, तोच त्याला ठीक वाटतो. म्हणून गप्प आहे."

पडवीत मांजर खांबाला अंग घासत होतं, त्याच्याकडे नयना बघत राहिली.

"आणि चाल शिकायला अख्खा गाव लागला, हे उलट बरंच झालं म्हणायचं," नाझनीन हळू आवाजात म्हणाली. "नाहीतर हे कधी कळलंच नसतं. शिकलेलं पुसलं तरी नोंदी राहतात, त्या जुन्या नोंदी मी काढून बघितल्या. उजव्या-डाव्यातला फरक वाढतोय, काकू. जितका वाढतो तितकी मोटर भर घालते, म्हणून काकांना पत्ता नाही. तुम्ही त्यांना दाखवून आणा."

नोंदी घेऊन नयना एकटीच रत्नागिरीला गेली. बहिणीकडे जाते असं सांगून गेली. डॉक्टरीणबाई शांत होत्या. नयनाच्या फोनवरच्या रेघा त्यांनी बराच वेळ पाहिल्या.

"नुसत्या रेघांवरून मी निदान करणार नाही. माणूस समोर हवा," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इतक्या लांब आलात, तर खरं सांगते. अशा सायकली वापरणाऱ्या लाखो लोकांच्या नोंदी आता जमल्या आहेत. त्यांतल्या ज्यांना पुढे कंपवात झाला, त्यांच्या एका पायात हाच मंदपणा आधीची काही वर्षं होता. मेंदूच्या खोल भागात थोड्या पेशी असतात. त्या डोपामिन नावाचं द्रव्य करतात, त्याच्यावर आपल्या हालचालींची लय चालते. त्या पेशी मरायला लागल्या तरी उरलेल्या दुप्पट काम करून भागवतात. निम्म्याहून जास्त संपल्या की मग हात थरथरतो. तोवर शरीर स्वतःपासूनच लपवून ठेवतं."

"डाव्या पायाचं आहे. हाताला..."

"त्याच बाजूचा हात. काय करतात ते?"

"तबला वाजवतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"आत्ता आणलं तर थांबवता येईल?" नयनानं विचारलं.

"थांबवणारं औषध अजून नाही. त्रास दिसायला लागला की हालचाल सुधारणाऱ्या गोळ्या आहेत, चांगल्या आहेत. पण आज आणलंत किंवा लक्षणं दिसल्यावर आणलंत, तरी उपचार तेव्हाच सुरू होतील. ह्या यंत्रांनी आमची पंचाईत केलीय. कळतं फार लवकर, आणि कळून करायचं काही नसतं."

परतीच्या रिक्षात नयना मनात देवाचं नाव घेत होती. एरवी नाव घेतलं की तिला धीर यायचा. त्या दिवशी नाव ओठांवर होतं आणि धीर कुठे होता कोण जाणे.

घरी आल्यावर तिनं सांगायचं ठरवलं. जेवताना सांगू. मग विड्याच्या वेळी. मग सकाळी पूजा झाल्यावर.

"अहो, एकदा डॉक्टरांना दाखवू या का? गुडघ्यासाठी."

"गुडघा? जा, पिंपळाच्या चढाला विचारून ये. तो सांगेल माझा गुडघा कसा आहे."

"दाजींच्या नातीला शिकवायला तरी घ्या. ती वाट बघतेय."

"काय गो, मला निवृत्त करायची घाई झालीय तुला? पेटीवाल्यांचा तबल्यावर पहिल्यापासून डोळाच." आणि हसून डग्ग्यावर थाप दिली. घुमारा घरभर पसरला. भरलेला, गोल, काठापर्यंत भरलेल्या कळशीसारखा. हा हात आत्ता ठीक आहे, नयना मनात म्हणाली. ठीक असताना त्याला का सांगायचं? आणि नाही सांगितलं, तर हा पोरीला शिकवायचा कधी? दोन्हीकडून दोरी तिच्याच गळ्याभोवती येत होती.

चैत्रात चिन्मयीताईंनी एका कीर्तनात आख्यान लावलं. एक म्हातारी भात कांडायची. हातातलं बळ सरलेलं, मुसळ उचलवत नव्हतं. तेव्हा देव आला आणि त्यानं मुसळाला खालून हात दिला. उचलायचा तो, आपटायची ती. म्हातारी म्हणायची, अजून माझ्या मनगटात आहे हो. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. नयनाची बोटं पेटीवर तशीच राहिली, आणि श्रीरंगांनी तिच्याकडे बघून भुवई उडवली, सूर सुटला म्हणून.

कीर्तन संपल्यावर प्रसादाचं ताट घेऊन ती ताईंजवळ गेली.

"ताई, त्या म्हातारीला पुढे कुणी सांगितलं का, की देव हात लावत होता?"

चिन्मयीताई गळ्यातला हार काढत होत्या. त्यांनी नयनाकडे नीट पाहिलं. "सांगितलं असतं तर तिनं मुसळ टाकून देवाचे पाय धरले असते. मग भात कुणी कांडायचा, काकू?" मग हार बाजूला ठेवून म्हणाल्या, "पण ही गोष्ट आहे. गोष्टीत मुसळाला हात लावणारा देव असतो. तो दमत नाही. तुम्हाला काही सांगायचंय का?"

नयना म्हणाली, "शिरा घ्या ताई, गार होईल."

पावसाळा आला आणि गेला. फोनवर एक आकडा दिसायचा, चढावर माणसाचा जोर किती आणि सोबतीचा किती. नयना तो बघायची नाही, पण तो तिला माहीत असायचा. श्रीरंगांना शर्टाच्या गुंड्या लावायला वेळ लागू लागला. डाव्या पायातली चप्पल कधी कधी मागे राहायची. ते चपलेला शिव्या घालायचे. दिवाळीत ती शेवटी म्हणाली, "गुंडी मी लावते," आणि त्यांनी तिला लावू दिली. वर छपराकडे बघत धुमाळीचे बोल पुटपुटत राहिले.

माघी चतुर्थीला कासारघोळच्या देवळात गणेशजन्माचं कीर्तन भर दुपारी असतं. बाराच्या ठोक्याला पाळणा. देऊळ ओसंडून वाहत होतं, मुंबईपुण्याची माणसं आलेली. नमन झालं. पूर्वरंग रंगला. मग चिन्मयीताईंना हार घातला, बुक्का लावला. दुपारचं ऊन खांबांतून आत येऊन तबल्यावर पडलं होतं.

उत्तररंगात ताईंनी लय वाढवली आणि तेव्हाच नयनाला ते ऐकू आलं. उजव्या हाताचा बोल वेळेवर, डग्गा मागून. इतका किंचित, की शेजारी बसणाऱ्या बायकोलाच कळावं. चार आवर्तनं तशी गेली. पाचव्याला डग्गा आणखी मागे राहिला. श्रीरंगांच्या कपाळावर घाम आला. ते डाव्या हाताकडे बघत नव्हते, सरळ समोर बघत होते. बघायला घाबरणारा माणूस बघतो तसे.

नयनानं विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. तिनं पेटीचा भाता हलकेच सावकाश केला आणि सूर थोडा लांबवला. डग्गा पडेपर्यंत धरून ठेवला, मग पुढचा सोडला. ताईंनी गाता गाता मान वळवली. त्यांची नजर पेटीवर आली, पेटीवरून डग्ग्यावर गेली, तिथे क्षणभर थांबली. मग त्या समोर वळल्या, हातातल्या झांजा वर केल्या आणि जाणूनबुजून संथ लयीत म्हणाल्या, "मंडळी, देव येतोय. त्याला घाई करायची नाही. टाळी माझ्याबरोबर."

देवळातल्या सगळ्या माणसांनी संथ टाळी धरली. दाजी गुरवांनी धरली, पोस्टातल्या बाईंनी धरली, मुंबईहून आलेल्या आणि कधी टाळी न वाजवणाऱ्यांनीही धरली. ती टाळी डग्ग्याच्या बोलाबरोबर पडत होती, त्याच्या आधी नाही. श्रीरंगांचा चेहरा हळूहळू सैल झाला. ते डोलायला लागले. बाराला पाळणा हलला, गुलाल उधळला गेला आणि पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या लाल झाल्या. नयनाला त्या नीट दिसत नव्हत्या, पण बोटांना वाट ठाऊक होती.

प्रसाद झाला. श्रीरंगांनी तबला गवसणीत घालून कॅरिअरला बांधला. गाठ तिनं मारली.

"आज हात छान लागला," ते म्हणाले. "ताई जरा रेंगाळत होत्या, नाही? पण सांभाळून घेतलं मी."

"हो. सांभाळून घेतलंत."

पेटी रिक्षानं पुढे पाठवली होती. आज आडव्या वाटेनं थोडं उतरून मारुतीला नारळ द्यायचा होता आणि त्यातली अर्धी वाटी गणपतीला आणायची होती, म्हणजे पिंपळाच्या चढावरून पुन्हा वर यायचं. श्रीरंग सायकलवर बसले आणि ती चालू लागली. नारळ देऊन परत फिरल्यावर चढ लागला तसे ते तिच्या चालीनं सावकाश पायडल मारू लागले. डावा, उजवा. मागच्या चाकातून बारीक गुणगुण येत होती. उजव्या पायाला गुणगुण मंद, डाव्याला मोठी. पूर्वी ती एकसारखी असायची. आता नीट ऐकलं तर तिच्यात ठेका होता, आणि नयनाला तो न ऐकता येईना.

उद्या सांगू, असं तिच्या मनात आलं. उद्या दाजींच्या नातीला घरी बोलावू आणि तिच्यासमोरच सांगू. मग तिला आठवलं, की हे ती कालही म्हणाली होती.

तिनं हात पुढे केला आणि कॅरिअरवर, तबल्याच्या शेजारी ठेवला. जोर लावायची गरज नव्हती. सायकल आपली आपण चढत होती.

"ढकलू नको गो," श्रीरंग मागे न बघता म्हणाले. "मी चालवतोय."

"नाही ढकलत," नयना म्हणाली. "नुसता हात ठेवलाय."

पुढच्या वळणापर्यंत त्यांनी तो काढायला सांगितलं नाही.